गाळून उरलेलं

पालीच्या बाजारातल्या लखमशी शेठशी मी दीड वर्ष वाद घातला आणि शेवटी हरलो. मी सहसा हरत नाही. लोकल बोर्डाच्या शाळेत बावीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आहे. समोरच्याला बोलून बोलून दमवणं हा आमचा धंदाच. पण हा वाद मी हरलो, आणि हरल्याचं आपण होऊन कबूल केलं. ते कसं झालं ते लिहून ठेवतोय. वाचणाऱ्याला त्यातून काही मिळेल असं नाही. मलाही मिळालेलं नाही.

सत्तावन्न सालच्या माघात आमच्या वाडीनं रत्नागिरीला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली. एकोणीस उंबरे, लेकराबाळांसकट एका ट्रकमधून गेलो आणि पांढऱ्या कपड्यांत परत आलो. देव आदल्या दिवशीच वहाळात सोडले होते. परत आल्यावर वाडीची सभा भरली आणि आमचे आम्ही चार ठराव केले. मेलेलं ढोर ओढायचं नाही. गावाची फुकट कामं बंद. दारूबंदी, जी शिमग्यापर्यंत टिकली. आणि चौथा, वरून ओतलेलं पाणी घ्यायचं नाही. बाजारात तहान लागली की आमच्या माणसानं खाली उकिडवं बसून ओंजळ धरायची आणि कुणीतरी ओट्यावरून धार सोडायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाणी आपल्या हातानं घेऊ, नाहीतर घेणार नाही, असा तो ठराव. मीच मांडला, मीच वहीत लिहिला, आणि टाळ्याही मलाच पडल्या.

बाजार आमच्या वाडीला अजूनही जुन्याच नावानं हाक मारी. फक्त लखमशी शेठ पहिल्या आठवड्यापासून ‘बौद्धवाडी’ म्हणू लागले. शेठ जैन, मूळचे कच्छी. त्यांचे वडील गलबतातून जयगडला उतरले आणि पालीत किराणा मांडून बसले. शेठचा जन्म इथलाच, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच, फक्त रागावले की कच्छीत रागवत. ते रागावत नसतच म्हणा. दुकानात पाल मेलेली निघाली तरी त्यांचा दिवस वाईट जाई. त्यांच्याकडे मुंबईचं वर्तमानपत्र येई, आणि दर रविवारी मी त्यांच्या पायरीवर गोणपाट टाकून ते वाचत बसे.

दीक्षेनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी माझं स्वागत केलं ते असं. “या मास्तर. आजपासून तुम्ही आमचे चुलतभाऊ.”

मग बोटांवर मोजत सांगायला लागले. तुमचे बुद्ध आणि आमचे महावीर एका मुलखातले, एका काळातले. दोघं राजघराण्यातले, दोघांनी भरल्या घराकडे पाठ फिरवली. जग कुण्या देवानं घडवलं हे दोघांनाही मान्य नाही. यज्ञात जनावर कापून पुण्य लागतं हे दोघांनाही पटलं नाही. आपल्या कर्माचं फळ आपणच भोगायचं, मधे कुणी भटजी नाही. आणि कुठल्याही जिवाला दुखवायचं नाही. “सांगा, आता आपल्यात फरक काय उरला?”

शेठाणींनी आतून चहा पाठवला. शेठना काचेच्या कपातून, मला जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कपातून. तो कप पायरीशेजारच्या खिळ्याला कानानं टांगलेला असे आणि माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. चुलतभाऊ झालो तरी कप तोच आहे हे मला दिसलं नाही असं नाही. पण शेठनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची मला इतकी घाई झाली होती, की कपाचं काय काढायचं, असं मी मनाची समजूत घालून मोकळा झालो. मास्तर माणसाला चांगला प्रश्न मिळाला की तो विकला जातो.

फरक आहेत, मी म्हटलं, आणि रविवारमागून रविवार आम्ही ते उकरत बसलो. तुम्ही म्हणता प्रत्येकात अमर जीव आहे, मुंगीत आहे, पाण्याच्या थेंबातही आहे. आम्ही म्हणतो असा न बदलणारा आत्मा कुठंच सापडत नाही. तुमचे महावीर बारा वर्षं उपासतापास करत फिरले. आमच्या बुद्धानंही सहा वर्षं ते करून पाहिलं, हाडं वर आली तेव्हा खिरीची वाटी घेतली आणि म्हटलं, देहाचे हाल करून काही मिळत नाही, मधली वाट बरी. शेठ हसून मान डोलवायचे. पण एका मुद्द्यावर आमचं कधीच जमलं नाही. तो म्हणजे हेतूचा.

“पाप हेतूत असतं,” मी म्हणे. “डॉक्टर पोट कापतो, दरोडेखोरही कापतो. दोघांना एकच फळ? मनात मारायचं नव्हतं तर ते मारणं नव्हेच.”

“आणि तो मेला त्याचं काय?” शेठ विचारत. चैत्र होता, समोर काजूबियांची रास पडली होती. त्यातली एक उचलून त्यांनी माझ्यापुढं धरली. “मास्तर, हिच्या सालीत तेल आहे. हातावर उडालं की कातडी भाजते. ज्याला माहीत नव्हतं, त्याची भाजत नाही? त्याच्या मनात काय होतं हे तेल विचारायला बसतं?”

“म्हणजे न कळत चिरडलेल्या मुंगीचंही पाप तुमच्या डोक्यावर?”

“थोडं असेल. पण आहे. म्हणून तर बघून चालायचं.”

मी त्यांना हसलो. म्हटलं, असल्या धर्मात माणसानं श्वास तरी कसा घ्यावा. हे हसणं मला आज आठवतं.

आता पाण्याचं सांगतो. आमच्या वाडीला विहीर नाही. खाली वहाळ आहे, तो पावसात फुगतो आणि होळीला आटतो. मग आम्ही वहाळाच्या वाळूत डवरा खणतो, म्हणजे कमरेएवढा खड्डा. त्यात झिरपून येईल ते करवंटीनं हंड्यात भरायचं. वैशाखात एका हंड्याला दोन घटका लागतात, आणि गुरंही तिथंच येतात. सत्तावन्नच्या वैशाखात वाडीतली दोन मुलं जुलाबानं गेली. उकळून प्या, असं मी सगळ्यांना सांगत असे. पण उकळायला आधी पाणी तरी हवं.

शेठच्या परसात विहीर होती. जांभ्यात खोदलेली, बारमाही, आरशासारखं पाणी. बाजारातली सहा घरं तिच्यावर पाणी भरत. रत्नागिरीच्या एका वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, कायदा सार्वजनिक विहिरीला आहे, ही पडली शेठच्या परसातली. मला कायदा नकोच होता. माझा चुलतभाऊ होता ना.

अठ्ठावन्नच्या फाल्गुनात माझी मुलगी मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई मुंबईला गोदीत, सासूचं घर पडकं. मैना एकुलती एक, आणि माझ्यावर गेलेली, म्हणजे तोंडाळ. ती आली त्याच दिवशी बायकोनं, सावित्रीनं, मला बाजूला घेऊन सांगितलं, “वैशाखात पोरीला डवऱ्याचं पानी पाजायची नाय हां मी. काय ते बगा.”

मी शेठकडे गेलो आणि पायरीवर न बसता, उभ्यानंच विचारलं. आमच्या बायकांना तुमच्या विहिरीवर पाणी भरू द्या. आमची कळशी, आमची दोरी, आमचे हात.

शेठना नाही म्हणायचं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते आत गेले आणि शेठाणींना घेऊन बाहेर आले. वेलबाई त्यांचं नाव. बारीक चणीची बाई, डोक्यावर पदर, दिवस मावळला की पाण्याचा थेंबही न घेणारी. मला म्हणाल्या, “मास्तर, वाईट नका मानू. पण तुमच्या बायका पाणी कसं भरणार? न गाळता. एका कळशीत केवढे जीव असतात. आणि गाळलं तरी कपड्यावर राहतात ते जीव कुठं टाकणार? मातीत. मरतील सगळे. विहिरीच्या जिवांचा भार माझ्यावर आहे.”

त्यांची पद्धत मी पाहिलेली होती. पाणी काढायचं, जाड पांढऱ्या कापडाच्या दुहेरी घडीतून गाळायचं. मग ते कापड उलटं करून वरून थोडं गाळलेलं पाणी सोडायचं, म्हणजे कापडावरचे डोळ्यांना न दिसणारे जीव एका लोटीत उतरतात. त्याला त्या ‘संखारो’ म्हणत. तो संखारो ज्या विहिरीचा, त्याच विहिरीत परत सोडायचा, दुसऱ्या पाण्यात त्यांचा निभाव लागत नाही म्हणून. आणि तोही वरून भसकन ओतायचा नाही. लोटीच्या गळ्याला एक दोरी आणि बुडाला दुसरी. पाण्याला टेकेपर्यंत अलगद सोडायची आणि मग बुडाची दोरी ओढून कलती करायची. पडून त्यांना लागू नये.

वेलबाईंचं ते ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. अडचण आमची नव्हतीच, गाळण्याची होती. गाळणं शिकता येतं, आणि शिकवणं तर माझं काम. एवढ्यावर मी हुरळलो.

दुसऱ्याच दिवशी मी वाडीतल्या अकरा बायका डवऱ्यावर जमवल्या. माझ्या दोन जुन्या धोतरांची गाळणी केली. दुहेरी घडी, कापड उलटं, लोटीला दोन दोऱ्या. डवऱ्याचं गढूळ पाणी गाळायचं आणि त्यातले जीव परत डवऱ्यात सोडायचे. पंधरा दिवस रोज. गंगाकाकी म्हणून आमच्यातली सगळ्यात म्हातारी, ती म्हणाली, “मास्तर, आता किड्यान्‌ला पन घरी पोचवायला जायाचं? आमाला कोन पोचवतं रं?” बायका हसून हसून वाळूत बसल्या. मैना आठव्या महिन्यातलं पोट सावरत कडेला बसून चुका काढत होती. “आत्ये, दोरी हिसडू नुको. किडा मरंल आनि शेठानी रडंल.” मी सुद्धा हसलो. पंधराव्या दिवशी अकराही बायकांना ते असं जमलं, की शाळेत असते तर सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

चैत्राच्या शेवटी सावित्री आणि गंगाकाकीला घेऊन मी शेठच्या परसात गेलो. वेलबाईंनी स्वतः एक घागर काढली आणि सावित्रीच्या हंड्यात ओतली, फक्त परीक्षेपुरती. सावित्रीनं दुसऱ्या हंड्याच्या तोंडावर कापड बांधलं आणि सावकाश गाळलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. कापड उलटं करून लोटीत संखारो उतरवला. वेलबाई बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. शेठ मला हळूच म्हणाले, “आमच्या सुनांनासुद्धा असं येत नाही.”

मग सावित्री लोटी घेऊन उठली आणि विहिरीकडे निघाली. चार पावलं गेली असेल. वेलबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. हात आडवा केला नाही, ओरडल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“ते पाणी,” त्या म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, “ते तुमच्या हंड्यातलं आहे. विहिरीत कसं जाईल?”

सावित्री लोटी धरून तशीच उभी. माझं डोकं एरवी बरं चालतं, पण ही गोष्ट समजायला मला वेळ लागला. लोटी विहिरीत सोडली नाही तर जीव मरतात, म्हणून आम्ही पाणी भरू शकत नाही. लोटी विहिरीत सोडली तर विहीर आम्ही शिवलेली होते, म्हणूनही भरू शकत नाही. गाळणं आम्हाला येत नव्हतं तेव्हा निदान एक कारण होतं. आता दार दोन्हीकडून बंद.

“शेठ,” मी म्हटलं, “त्या लोटीतल्या किड्याला ह्या विहिरीत परत जायचा हक्क आहे, आणि माझ्या बायकोला नाही?”

शेठनी विहिरीकडे पाहिलं, बाजारातल्या सहा घरांच्या परसदारांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

वेलबाईच पुढं बोलल्या, आणि मनापासून बोलल्या. “मी काढीन, मास्तर. मी गाळीन, संखारो मी सोडीन. रोज सकाळी तुम्ही लागतील तेवढे हंडे आणा. ओट्याखाली ठेवा. मी वरून ओतीन. माझे हात दुखले तरी ओतीन.”

बाई खोटं बोलत नव्हती. एकोणीस घरांचं पाणी तिनं खरंच ओढलं असतं. तिला आमचा विटाळ होता आणि आमची दयाही होती. दोन्ही एकाच मनात कसं मावतं ते मला अजून उमगलेलं नाही.

“आमचा ठराव आहे,” मी म्हणालो. “वरून ओतलेलं आम्ही घेत नाही.”

आता शेठ बोलले. “मास्तर, हा हट्ट झाला. हाल सोसायचे ते आमच्या महावीरांनी. तुमचे तर मधल्या वाटेचे. त्यांनी वाटी पुढं आली तेव्हा घेतली.”

“त्यांना वाटी हातात दिली होती, शेठ. वरून ओतली नव्हती.” फार छान उत्तर दिलं असं मला वाटलं. त्याच गुर्मीत मी सावित्रीच्या हातातली लोटी घेतली आणि ओट्यावर ठेवली. “तुमचे जीव तुम्हीच सांभाळा,” म्हटलं आणि वाडीकडे निघालो. वाटेत गंगाकाकीनं एकदाच विचारलं, “मग पानी?” मी पुढं चालत राहिलो.

संध्याकाळी सभा घेतली. मी तासभर बोललो आणि ठराव पुन्हा पास झाला. हात सगळ्यांनी वर केले. सावित्रीनं केला नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, “तुमचा ठराव पोरीला पाजू काय?”

मैना दाराला टेकून बसली होती. ती माझ्या बाजूनं बोलेल असं मला वाटलं होतं, तोंडाळ होती ना. पण ती हळूच म्हणाली, “बाबा, एकच हंडा. माज्यापुरता. इथं आले तवापास्नं डवऱ्याच्या वासानं उलटी येते मना. कुनाला सांगनार नाय आमी.”

त्यावर मी तिला एक गोष्ट सांगितली. माझे आजोबा बाजारात उकिडवे बसून ओंजळ धरायचे आणि वरचा माणूस मुद्दाम धार हलवायचा, त्यांच्या डोक्यावर, मानेवर, आणि लोक हसायचे. तुझ्या बाळानं ती ओंजळ धरायची का, असं विचारलं. ती म्हणाली, “नको.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलीला पटवून दिलं म्हणून मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. बरं वाटलं होतं.

वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात ती बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. बाळंतिणीसाठी मी स्वतः पहाटेपासून डवऱ्यावर बसून पाणी भरी, सावित्री गाळी आणि उकळी. पण बाळंतिणीला पाणी किती लागतं ते बाईलाच ठाऊक. बाराव्या दिवशी उकळलेलं संपलं. दुपारचं ऊन, सावित्री लाकडांना गेलेली, मी निकालाच्या कामाला शाळेत. मैनाला तहान सोसवली नाही. कोपऱ्यातल्या हंड्यातलं, निवळायला ठेवलेलं पाणी तिनं तसंच घेतलं आणि तांब्याभर प्याली.

दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, तिसऱ्या दिवशी उलट्या. दवाखान्यातले डॉक्टर आले, औषध दिलं, म्हणाले, “मास्तर, औषधापेक्षा पाणी द्या. स्वच्छ, भरपूर, घोटाघोटानं. जेवढं जाईल तेवढं.”

मी हंडा उचलला. सावित्री उठली तर तिला म्हटलं, तू बस, मी जातो.

सकाळचे दहा वाजले असतील. बाजार भरलेला. परसदारातून जाता आलं असतं, पण मला तेवढंही सुचलं नाही, दुकानावरूनच गेलो. शेठ गिऱ्हाईक सोडून उठले. वेलबाईंना कुणी काही सांगितलं नाही. माझ्या हातातला हंडा बघून त्या विहिरीवर गेल्या. काढलं, गाळलं. आणि मी ओट्याखाली हंडा ठेवून बसलो. पुरुषानं हंडा घेऊन तिथं बसलेलं बाजारानं कधी पाहिलं नव्हतं, सगळे बघत होते. ठराव मांडणारे मास्तर. वेलबाईंनी धार सोडली. एक थेंब त्यांनी माझ्या अंगावर उडू दिला नाही, इतक्या जपून ओतलं. हंडा भरला आणि पदरानं डोळे पुसत त्या वळल्या. मी बघितलं तर त्या लोटी घेऊन संखारो सोडायला विहिरीकडे चालल्या होत्या.

मैनाला चमच्यानं पाणी पाजलं. तिनं जीभ ओठांवरून फिरवली आणि म्हणाली, “ग्वाड हाय.” मग विचारलं, “कुटलं?”

“आपलंच,” मी म्हटलं.

तिला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. दिवसभर ती पाणी पीत होती आणि पोटात काही ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. हंडा अजून अर्धा होता.

जावई मुंबईहून आला, चार दिवस राहिला, बाळाकडे बघत बसला आणि परत गेला. बाळ आमच्याकडेच राहिलं. सावित्रीनं मला काही विचारलं नाही. मैनाच्या दिवसकार्याच्या दुसऱ्याच सकाळी ती हंडा घेऊन शेठच्या ओट्याखाली जाऊन उभी राहिली, आणि तेव्हापासून रोज जाते. पावसाळ्यात वहाळ भरला तरी जाते. बाळाला दुसरं पाणी देत नाही. आठवडाभरात गंगाकाकी तिच्यामागं उभी राहिली, मग आणखी चौघी. मग रांगच. ठराव कुणी रद्द केला नाही. वहीत तो अजून माझ्या अक्षरात आहे.

मी रविवारी वर्तमानपत्र वाचायला जाणं बंद केलं.

भाद्रपदात, गणपतीच्या दिवशी, दुपारी लखमशी शेठ आमच्या वाडीत आले. जन्मात पहिल्यांदा. अनवाणी, पायाखाली बघत, चिखलातून. बाजारातून ताशांचा आवाज येत होता. त्यांच्यातही तो वर्षातला मोठा दिवस. सगळ्या जिवांची क्षमा मागायचा, वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखवलं त्याची. दरवर्षी ते मला पोस्टकार्ड टाकत, छापील. मी ते वाचून शाळेतल्या रद्दीच्या गठ्ठ्यात टाकी. या वर्षी स्वतः आले. अंगणात उभे राहून हात जोडले आणि म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्, मास्तर. मनानं, वाणीनं, देहानं माझ्याकडून जे झालं त्याची क्षमा करा.”

मी त्यांना ओट्यावर बसा म्हटलं. ते बसले. सावित्रीनं दारात येणाऱ्याला देतो तसा पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. त्यांच्याच विहिरीचं पाणी, त्यांच्याच बायकोनं गाळलेलं.

शेठ तांब्याकडे बघत राहिले. “आज उपवास आहे,” ते म्हणाले. “आमचा आजचा उपवास पाण्याविना असतो.”

हे खरं होतं. त्यांच्यात असतो, मला माहीत आहे. पण उपवास नसता तर त्यांनी तो तांब्या उचलला असता का, हे त्यांनाही कळायला मार्ग नव्हता, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बाळ आत रडलं, सावित्री गेली. शेठनी एकदम मला विचारलं, “मास्तर, चार महिने झोप नाही. एक सांगा. तुम्ही म्हणता पाप हेतूत असतं. माझ्या मनात तिचं वाईट नव्हतं. वेलबाईच्याही नव्हतं. देव मानत नाही आपण दोघं, पण ज्याची म्हणाल त्याची शपथ. तुमच्या धर्मानं आम्ही सुटतो ना?”

दीड वर्ष मी त्यांना हेच पटवायला बसलो होतो. आता ते माझ्या दारात येऊन तेवढंच मागत होते, आणि मला ते देता आलं असतं. माझा धर्म त्यांना सोडत होता. मलाही सोडत होता, कारण माझ्या हेतूत तर खोट काढायला जागाच नव्हती. मला माझ्या नातीला ओंजळ धरू द्यायची नव्हती, एवढंच. आम्ही दोघं स्वच्छ, वेलबाई स्वच्छ, विहीर स्वच्छ. आणि मैना तेवढी उरली नाही.

“नाही शेठ,” मी म्हणालो. “तुमचंच बरोबर होतं. बीचं तेल आहे ते. मनात काय होतं ते विचारत नाही.”

“दोघांनाही?” त्यांनी विचारलं.

“दोघांनाही.”

त्यांनी मान हलवली. वाद जिंकल्यावर माणूस खूश होतो. शेठ उठले. अंगण ओलांडून, खाली बघत, ते बाजाराच्या वाटेला लागले. क्षमा केली असं मी म्हणालो नाही. माझ्याकडे असती तर आधी मीच वापरली असती.

सावित्री बाहेर आली. तांब्या तसाच भरलेला होता. तिनं तो उचलला, आत नेला आणि पाणी परत हंड्यात ओतलं, अलगद, एक थेंब न सांडता. सकाळी तासभर रांगेत उभं राहून आणलेलं होतं.